चारा टाकणारा हात

तीन पौंड सहा औंस म्हणजे आपल्या हिशेबात दीड किलो. मॅचमध्ये पाच तास गळ टाकून माशांचं एवढंच वजन भरलं, त्यात शेजारचा म्हातारा चौदा पौंड घेऊन सेक्शन जिंकला, म्हणून तुझं डोकं फिरलं. इथपर्यंत ठीक आहे. मला खटकलं ते पुढचं. काटेवाले तुझ्या पेगवर, म्हणजे बसायच्या जागेवर, यायच्या आत तू कीपनेट, म्हणजे धरलेले मासे ठेवायची जाळी, पाण्यात उलटी करून मोकळा व्हायला निघाला होतास. मी हाक मारली म्हणून थांबलास.

भाच्या, हे कधी करायचं नाही. निकालाच्या कागदावर नावापुढे ‘डीएनडब्ल्यू’ लागतं, म्हणजे गड्याने वजनच केलं नाही. एखाद्या सुट्या मॅचमध्ये, जिथे पहिल्या तिघाचौघांनाच पैसे मिळतात, तिथे हे खपून जातं. लीगमध्ये नाही खपत. आपल्या लीगमध्ये दहा जणांचा सेक्शन, पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, शेवटच्याला दहा, आणि वर्षाअखेर ज्याचे गुण कमी तो वर. तुझ्या सेक्शनमधले दोघं वजन न करताच सामान गाडीत भरून गेले, आणि तू आठवा आलास. त्या दीड किलोने तुझे दोन गुण वाचवले. ऑगस्टमध्ये याच दोन गुणांसाठी तू बोटं मोडत बसला असतास. जागतिक अजिंक्यपदाचा हिशेबही असाच चालतो. दोन दिवस स्पर्धा, दोन्ही दिवसांचे सेक्शनमधले क्रमांक एकत्र करायचे, त्यावर विजेता. यॉर्कशायरचा अ‍ॅलन स्कॉटहॉर्न वैयक्तिक जगज्जेता झाला तो १९९६, १९९७, १९९८, २००३ आणि २००७ साली, असा पाच वेळा. ते काही रोज डोंगराएवढा मासा काढून नाही. वाईट दिवशीही सेक्शनमध्ये वर राहायची विद्या त्या लोकांना असते. ती तुला यावी म्हणून हे सगळं सांगतोय.

आता दिवस का बिघडला ते पाहू.

आठवडाभर ऊब होती. शनिवारी रात्री आभाळ निवळलं, सकाळी कडक ऊन पडलं आणि पूर्वेचा गार, कोरडा वारा सुटला. इथे इंग्लंडात मे महिन्यात हे नेहमीचं. पाण्याचा तळ अजून गार, वरचा हातभर थर कोमट. अशा दिवशी कार्प वर येऊन ऊन खात पडतो. तुला त्याच्या काळ्या पाठी दिसत होत्या, बेटाजवळच्या लव्हाळ्यात सळसळ ऐकू येत होती, आणि तुला वाटलं, एवढे मासे समोर आहेत म्हणजे आज लूट आहे. डोळ्यांना दिसणारा मासा खाणारा असतोच असं नाही. मे-जूनमध्ये पाणी अठरा-वीस अंशांकडे जायला लागलं की कार्प अंडी घालायच्या तयारीला लागतो. तेव्हा तो काठाकाठाने नुसता हिंडतो. त्याच्या तोंडापुढे मक्याचा दाणा धरलास तरी बघणार नाही. अशा माशावर दोन तास घालवू नये. एक वीस मिनिटं दोन फूट खोलीवर मासा धरून पाहायचा, नाही लागला तर डोळे दुसरीकडे वळवायचे. अवघड आहे हे, मान्य. समोर पाठी दिसत असताना मान वळवायला मनगटापेक्षा जास्त ताकद लागते.

पण खरा घोटाळा त्याच्याही आधी झाला. शिट्टी वाजली, ‘ऑल इन’ची आरोळी झाली, आणि तू मोठ्या कपातून पेलेटचे, म्हणजे खाद्याच्या गोळ्यांचे, दोन भरलेले कप तेरा मीटरवर ओतलेस. मी मागे उभा होतो. मागच्या महिन्यात जिंकणाऱ्याने असंच केलं होतं, ते तू लक्षात ठेवलंस. त्या दिवशी नैऋत्येचा कोमट वारा होता आणि पाणी चहासारखं गढूळ होतं, ते मात्र विसरलास.

कार्पला जठर नसतं. हे नीट ऐक, सगळा खेळ इथे आहे. त्याने खाल्लेलं सरळ आतड्यात जातं. घशात दात असतात, तिथे चुरायचं आणि पुढे ढकलायचं. साठवून ठेवायला पिशवी नाही, म्हणून तो थोडं थोडं, दिवसभर खातो. पाणी गार असेल तर आतड्याची गती आणखी मंदावते. मग थोड्याशा दाण्यांत त्याचं भागतं. रोच, ब्रीम, टेंच, सगळं हेच खानदान, सगळ्यांचं हेच. म्हणजे तू ओतलेल्या दोन कपांत तुझ्या पेगसमोरच्या माशांचं सकाळचं जेवण झालं, आणि तुझ्या गळावरची एक पेलेट त्या ढिगात कुठे आहे हे शोधायचं त्यांना काही कारण उरलं नाही. कमी टाकलेला चारा दहा मिनिटांनी वाढवता येतो. जास्त पडलेला उपसून काढता येत नाही.

मग काय झालं ते तुला माहीत आहे, पण का झालं ते सांगतो. फ्लोट बुडायला लागला. तू झटका मारायचास, काही नाही. पुन्हा बुडाला, पुन्हा काही नाही. तो मासा खात नव्हता. वरून पडणाऱ्या दाण्यांमागे मासे तळ सोडून मधल्या पाण्यात आले होते आणि त्यांची अंगं, पंख तंगुसाला घासत होते. इथली मंडळी याला ‘लाइन बाइट’ म्हणतात. अकराच्या सुमाराला तुझं इलॅस्टिक सुसाट बाहेर गेलं, बेटापर्यंत ओढ, आणि मग सट्टकन सैल. गळावर खवला आला. शेपटीला किंवा पोटाला अडकलेला मासा असाच पळतो. गळावर खवला आला म्हणजे पाण्याने तुला चिठ्ठी पाठवली की चारा जास्त झालाय, मासे उठलेत. ती चिठ्ठी वाचायची. तू काय केलंस? गलोल उचललीस आणि आणखी तीन वेळा पेलेट भिरकावल्या.

चिडलेला माणूस तळ्यावर आणखी काय करणार? शिव्या दिल्या तर शेजारी तक्रार करतो, पोल, म्हणजे ती लांब जोडकाठी, आपटला तर हजार-दोन हजार पौंडांचं नुकसान. राग काढायला मोकळा असतो तो एकच, चारा टाकणारा हात. वाईट दिवशी त्या हातावर नजर ठेव, बाकीचं सामान आपोआप सुधारतं.

म्हणून मी सांगतो ते तंतोतंत कर. गलोल पेटीच्या मागे, पाठीशी ठेवायची. उचलायला वळावं लागलं पाहिजे. वळेपर्यंत अर्धा राग जातो. पोलच्या टोकाला बसतो तो छोटा पॉट लावायचा, त्यात चार मिलिमीटरच्या आठ-दहा पेलेट किंवा चिमूटभर भिजवलेल्या मायक्रो पेलेट, बस. गळ पाण्यात गेला की त्याच्याच डोक्यावर तेवढं पाडायचं आणि थांबायचं. मासा लागला तर पुन्हा तेवढंच. नाही लागला तर काहीच नाही. पाच मिनिटं काहीच नाही. ही पाच मिनिटं शिकायला लोकांना वर्षं लागतात. खवला आला, की त्या जागेला हातच लावायचा नाही, दहा-पंधरा मिनिटं दुसऱ्या जागी बसायचं, आणि परत आल्यावर गळ तळाला बोटभर जास्त टेकेल असा खोल करायचा. तरीही मासे वरच राहिले तर पेस्ट लाव. पेस्ट जड, सरळ खाली जाते, मधल्या पाण्यात तुकडे उधळत नाही. तुझी पेस्ट फार घट्ट असते, म्हणून तिला मासे विचारत नाहीत. ताईला पुरणपोळीची कणीक मळताना पाहिलं आहेस ना? तितकी सैल हवी, गळावरून ओघळेल की काय असं वाटणारी. पाण्यात पोल अलगद उतरवायची सवय मग आपोआप लागते, कारण झटका दिलास की पेस्ट जाग्यावरच गळून पडते.

शेजारच्या म्हाताऱ्याबद्दल तू गाडीत म्हणालास की त्याचा पेग चांगला होता. पेग चिठ्ठीने मिळतो, तुझा पिशवीत हात गेला तसाच त्याचाही. त्याच्यासमोरही त्याच कार्पच्या पाठी हिंडत होत्या. त्याने केलं काय, की पहिल्या अर्ध्या तासात मान हलवली, तेरा मीटरचे पोलचे तुकडे मागे सारले आणि पाच मीटरवर मॅगट घेऊन बसला. मॅगट म्हणजे माशीच्या अळ्या. तुला त्यांची किळस येते, म्हणून तू दुकानातून पेलेट आणि मका एवढंच आणतोस. किळस सोड. अर्धा लिटर मॅगट डब्यात नसताना कमर्शियल तळ्यावर मॅचला जाऊच नये, असं माझं मत आहे. लोक मला जुनाट म्हणतात, म्हणू देत.

मी सत्तरच्या दशकात लेस्टरला आलो, कारखान्यात लागलो, तेव्हा ही खोदलेली तळी नव्हती. फोरमन मला सोअर नदीवर आणि ग्रँड युनियन कालव्यावर घेऊन जायचा. मॅच खेळणाऱ्या लेस्टरच्या आयव्हन मार्क्सचं नाव तेव्हा काठावरच्या प्रत्येकाच्या तोंडी असायचं. कालव्यावर दोन औंसाचा रोच म्हणजे मासा, चार औंसाचा म्हणजे चांगला मासा. पाच तासांत तीस रोच काढले तर माणूस जिंकायचा. मग ऐंशी-नव्वदच्या दशकांत शेतकऱ्यांनी तळी खोदली, त्यांत कार्प सोडला, पुढे कार्प आणि क्रूशियन यांच्या संकराचा एफ-वन आला, जो गार पाण्यातही खातो. शंभर पौंडांची वजनं रोजची झाली. नदीकाठची सगळी मंडळी तिकडे गेली, मीही गेलो, सोय आहे, गाडी पेगच्या जवळ लागते, चहा-बेकनचं कॅफे आहे. पण रोच कुठे गेला नाही. तो त्याच तळ्यात आहे, पर्च आहे, ब्रीमची पिल्लं आहेत, ज्यांना स्किमर म्हणतात. कार्पचा माज असतो तेव्हा कोणी त्यांच्याकडे पाहत नाही. कार्प बिथरला की तेच सेक्शन जिंकून देतात.

त्यासाठी वेगळा सांगाडा, म्हणजे तंगूस-फ्लोट-गळाची जुळणी, हवा, कार्पच्या सामानाने होत नाही. चार-पाच नंबरचं मऊ इलॅस्टिक, दशांश मिलिमीटर जाडीचं पुढचं तंगूस, वीस नंबरचा गळ. आकडा मोठा तेवढा गळ लहान, हे तू अजून उलटं धरतोस. शिसे मण्यांसारखे अंतरा-अंतराने, म्हणजे आमिष हळू पडेल. एक मॅगट, त्याच्या जाड टोकाच्या कातडीतून फक्त टोचायचा, जिवंत वळवळला पाहिजे. आणि दर वेळी आठ-दहा मॅगट हाताने, फ्लोटवर. इथे मात्र हात थांबवायचा नाही. रोचचा जमाव पडत्या चाऱ्याच्या मागे उभा राहतो, चारा थांबला की पांगतो. कार्पला थांबून खायला घालायचं आणि रोचला सतत, ही दोन गणितं वेगळी आहेत. एकच हात एकाच दिवसात दोन्ही करू शकला पाहिजे. तासाला पंधरा-वीस छोटे मासे, कधी मध्येच पाऊण पौंडाचा स्किमर, आणि कधी वेड्यासारखा एखादा एफ-वन मॅगट गिळून जातो. बारीक तंगुसावर तो आला तर घाबरायचं नाही, पोल उंच करायचा नाही, त्याला पाहिजे तेवढं इलॅस्टिक द्यायचं आणि मग इलॅस्टिक ओढायच्या पुलरने हळूहळू आत घ्यायचं.

ती चिठ्ठी, तो पेग, यावर आणखी एक. नंबर निघाल्यावर तू कपाळाला हात लावलास ते सगळ्यांनी पाहिलं. कपाळाला हात लावायची जागा गाडीत. पेगवर जाताना वारा कुठून येतोय ते पाहायचं, पाणी किती गढूळ आहे ते पाहायचं, दोन्ही बाजूंना कोणते पेग रिकामे आहेत ते पाहायचं. सामान मांडायच्या आधी मऊ मातीत बूट आपटत फिरायचं नाही, काठाखालचे मासे पळतात. मग खोली मोज. तू एकदाच मोजतोस आणि सगळीकडे तीच धरतोस. तळं खणलेलं असतं म्हणून ते सपाट असतं असं नाही. काठापासून उतार, मग पायरी, मग सपाटी. फ्लोटच्या खाली गुंडी लावून दर अर्ध्या मीटरला मोजलंस तर पायरी कुठे संपते ते कळतं, आणि मासे खातात ते बहुतेक त्या सपाटीच्या सुरुवातीला. प्रत्येक जागेची खोली पोलच्या टॉप-किटवर पांढऱ्या शाईची खूण करून ठेव. त्याला दहा मिनिटं जातात. शिट्टीच्या आधी तू ती दहा मिनिटं फोनवर घालवलीस.

तीन जागा हव्यात, कमीत कमी. पाच मीटरवर मॅगट, अकरा-तेरा मीटरवर पेलेट, आणि काठाला, उजवीकडे किंवा डावीकडे, शक्यतो रिकाम्या पेगच्या लाकडी फळीजवळ, फूट-दोन फूट पाण्यात. काठाची जागा शेवटच्या तासासाठी. तिथे बाराला बसलास, काही मिळालं नाही, आणि मग दोनच्या पुढे, जेव्हा कार्प सावलीला काठाशी येतो, तेव्हा तिकडे फिरकलासच नाहीस, कारण ‘तिकडे पाहून झालं’ होतं. पाहून झालेली जागा असं काही नसतं. पाणी दर तासाला वेगळं असतं. काठावर मात्र सामान जाड लागतं. तिथे लागतो तो पाच-सात पौंडांचा आणि तो थेट लव्हाळ्यात घुसतो. बारीक सामान घेऊन तिथे बसणं म्हणजे मासा तोडायला बसणं.

शेजाऱ्याकडे बघायचंच असेल तर त्याचा गळ कुठे पडतो, किती वेळाने चारा टाकतो, हे बघ. किती काढले ते विचारू नकोस. या देशात मॅच खेळणारा माणूस आपलं वजन कधी खरं सांगत नाही. ‘थोडेसेच’ म्हणणाऱ्याच्या जाळ्यांत साठ पौंड निघतात. हा खोटेपणा नाही, रीत आहे. तू त्याला खरं समजून खूश झालास आणि काट्यावर गेल्यावर तुझा चेहरा पडला. त्यातून एक मात्र शीक. हातात क्लिकर ठेवायचा आणि आपल्या माशांचं अंदाजे वजन मोजत राहायचं. मे महिन्यात नाही, पण जुलैत लागेल. बहुतेक तळ्यांवर एका जाळ्यात कार्पची मर्यादा असते, बऱ्याच ठिकाणी पन्नास पौंड. त्यावर एक औंस गेला तरी वरचं मोजत नाहीत. माशांच्या जिवासाठी आहे ते. उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, पहाटे तर सगळ्यात कमी असतो, कारण रात्रभर वनस्पतीही तोच वापरतात. दाटीत कोंबलेला मासा मरतो. पन्नासच्या आसपास पोहोचलास की दुसरं जाळं.

वाऱ्याचं सांगतो. साडेबाराला वारा वाढला, पोल वाकायला लागला, आणि तू तरी सोळा मीटरचा शेवटचा तुकडा लावलास, का, तर बेटाजवळ मासे दिसत होते. दोन तास तू मासेमारी केली नाहीस, पोल सावरलास. फ्लोट एक फूट जागेवर राहत नसेल तर त्या लांबीवर मासे धरायचे नाहीत. आत ये. अकरावर ये, सहावर ये. आणि विजेच्या तारा कुठे आहेत ते दर वेळी बघ. कार्बनचा पोल वीज वाहून नेतो, तार आणि आपण यांत तीस मीटर तरी अंतर हवं. सामान बांधून बाहेर पडताना उभा पोल घेऊन चालायचं नाही. ढग गडगडला तर पोल खाली आणि गाडीत, मॅच गेली खड्ड्यात.

तुझा एक सांगाडा झाडात गेला, तो सोडवायला तू पंधरा मिनिटं घालवलीस. तयार गुंडाळलेले पाच-सहा सांगाडे पेटीत असले तर गुंता झालेला कापून पिशवीत टाकायचा आणि नवा लावायचा. पिशवीत म्हणजे पिशवीत, गवतात नाही. तंगुसात पक्ष्यांचे पाय अडकतात. या देशात राजहंस शिशाच्या गोळ्या गिळून मरायला लागले म्हणून १९८७ साली लहान शिशाची वजनं बंद झाली. आपण ‘शिसे’ म्हणतो ते आता बहुतेक शिसं नसतं.

दोन चांगले मासे तू जाळ्याच्या तोंडाशी सोडलेस. बिनकाट्याचा गळ आहे, नियमच तसा आहे, तेव्हा तंगूस क्षणभर सैल पडलं की मासा गेला. मासा थकायच्या आत हातजाळं पुढे खुपसायचं नाही. जाळं आधीच पाण्यात बुडवून स्थिर ठेवायचं आणि मासा त्यावर आणायचा. त्याच्या मागे जाळं पळवलंस की त्याला अंगात बळ येतं. हात ओले करून धर. कोरड्या हाताने त्याची बुळबुळी निघते आणि आठवडाभरात फोड येतात.

खाण्याचं. ताईने भाजी-पोळीची गुंडाळी करून दिली होती ना? मॅगटच्या हाताने खाल्लीस. मला मॅगटचं काही नाही, पण त्या काठावर उंदीर असतात, आणि पावसाळ्यात मुंबईत ज्या लेप्टोच्या बातम्या वाचतोस तोच आजार इथल्या तळ्यावरही होतो, बोटावरच्या चिरेतून. चांदीच्या कागदात गुंडाळलेलं खाली धरायचं, वरून खायचं, आणि पेटीत हात पुसायची बाटली ठेवायची. ताप आला आणि डॉक्टरकडे गेलास तर मासे धरायला जातो हे आपणहून सांगायचं. तो विचारणार नाही. आणि बारा ते एक या वेळेत खायचंच. तुझी चिडचिड निम्मी पोटाची होती.

ताईला मात्र हे समजावणं तुझ्यावर. ती फोनवर विचारत होती, दिवसभर बसून पोरगा मासे आणतो कुठे? मी म्हटलं, मोजून परत सोडतात. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाली, मग कालवण कशाचं? मिरजेत कृष्णेवर आम्ही गांडूळ लावून बसायचो तेव्हा घरी मोकळ्या हाताने गेलं की आजी आत घ्यायची नाही. त्यातून तिच्या भावाने आणि मुलाने हा धंदा धरला, जिथे पैसे भरून मासा धरायचा आणि पैसे भरूनच सोडायचा. ती हसत होती, पण तिला कळलेलं नाही. गंमत म्हणजे तुझ्या गळाला जो कार्प लागत नाही, तोच आपल्याकडे धरणात ‘सायप्रिनस’ म्हणून मिळतो. १९३९ मध्ये उटीला आणला, १९५७ मध्ये बँकॉकहून दुसरी जात आली. तिला फोनवर हे सांग, मासळीबाजारात तिने तो पाहिला असेल.

पुढचा रविवार. नदीचा बंद हंगाम आहे, १५ मार्चपासून १५ जूनपर्यंत, म्हणून सगळे तळ्यांवरच असणार, गर्दी होईल. तळ्यांवरची बंदी १९९५ मध्ये बहुतेक ठिकाणी उठली. तुझं रॉड लायसन्स एकदा तपास, मागच्या वर्षीचं घेऊन फिरत असशील. पकडलं तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होतो. कीपनेट आणि हातजाळं शनिवारी धुऊन कडक उन्हात वाळव, ऊन नसेल तर हीटरवर वाळव, आणि तिथे पोहोचल्यावर औषधाच्या टाकीत बुडवायला विसरू नकोस. कार्पला जिवावर बेतणारे रोग असेच एका तळ्यातून दुसऱ्यात जातात, आणि न बुडवलेलं जाळं दिसलं तर मालक आपल्याला दारातूनच परत पाठवेल. पेलेट दोन किलो आणतोस ते अर्ध्या किलोवर आण. जास्त आणलं की जास्त टाकतोस. दुकान शनिवारी पाचला बंद होतं, मॅगट त्याआधी घे, आणि लाल मिळाले तर लाल घे. फ्रिजमध्ये ठेवणार असशील तर झाकण घट्ट लाव आणि बायकोला आधी सांग. चिठ्ठी साडेआठला आहे, मी सातला दारात हॉर्न देईन.